भिंतीवरची लाल मातीची थाळी, आणि तिचा टवका

फडताळ | शनिवार, रात्री ९.४०

गेल्या आठवड्यात ओट्यासमोरच्या भिंतीवर एक चित्र लावलं. सासूबाई मंडईतून आल्या, पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "अगं, थाळी तिथे कशाला अडकवलीस? पोरांचा चेंडू लागला की गेली." मग जवळ गेल्या, चष्मा कपाळावर सरकवला, बोट लावून बघितलं. कागद! स्वतःशीच हसल्या आणि मेथी निवडायला बसल्या.

त्या फसल्या म्हणून चित्र भारी, असं म्हणायचं नाहीये. हुबेहूब तर फोटोही असतो. पण फोटोला त्या फसल्या नसत्या असं मला वाटतं, आणि का ते आठवडाभर चहा उकळताना शोधतेय. म्हणून हा धागा.

चित्र एका थाळीचं आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात जर्मन वंशाच्या लोकांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लाल मातीची नक्षीदार भांडी केली, त्यातली ही एक. मध्ये कुंडी, कुंडीतून वर आलेली तीन ट्यूलिप, एका बाजूला मान वळवलेला पक्षी आणि काठाकाठाने गोल फिरणारी जर्मन अक्षरं. नक्षी रंगवलेली नाही, कोरलेली आहे. लाल थाळीवर पांढऱ्या मातीचा पातळ घोळ चढवायचा, तो जरा सुकला की टोकदार काडीनं खरवडायचं. खालची लाल माती दिसते, तीच रेघ. वरून काच चढवायची, म्हणजे आपण ग्लेझ म्हणतो ते. त्या काळी ते शिशाचं असायचं, त्यामुळे पांढऱ्याला लोण्यासारखी पिवळट झाक यायची. अधेमधे तांब्याचा हिरवा रंग टाकत, तो भाजताना ओघळायचा.

आता या चित्राची गोष्ट. १९३० च्या दशकातली मंदी. चित्रकारांच्या हाताला काम नव्हतं. तेव्हा अमेरिकन सरकारने जे रोजगाराचे उपक्रम काढले, त्यात चित्रकारांसाठी एक होता 'इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन'. लोकांच्या घरातल्या, संग्रहातल्या जुन्या वस्तू शोधायच्या आणि त्यांची जलरंगात नोंद करायची. खेळणी, गोधड्या, कुलपं, पेट्या, मडकी. १९३५ पासून १९४२ पर्यंत काम चाललं आणि सुमारे १८,००० चित्रं झाली. ती आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. फोटो का नाही काढले? रंगीत फोटो तेव्हा महाग होते आणि रंग टिकायचे नाहीत.

पण मला खरं सांगायचंय ते टवक्याबद्दल.

थाळीच्या काठावर, घड्याळात सात वाजतात त्या जागी, एक टवका उडालेला आहे. करंगळीच्या नखाएवढा. पहिले दोन दिवस माझं लक्षच गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून ऊन आलं आणि मला वाटलं, प्रिंटला काही लागलंय. पुसायला गेले. तर तो टवका! बाकी सगळ्या थाळीवर ओलसर चकाकी आहे, आणि तेवढ्या नखभर जागेत चकाकी थांबते. आत कोरडी, भुसभुशीत, विटेसारखी माती. आणि टवक्याच्या कडेला केसाएवढी पांढरी रेघ. तो म्हणजे वरचा पांढरा थर, कापलेल्या बर्फीच्या कडेसारखा दिसणारा. चित्रकाराने ट्यूलिपला जेवढा वेळ दिला असेल तेवढाच या टवक्याला दिलाय. टवका झाकून थाळी 'चांगली' करता आली असती. कोणी विचारणारं नव्हतं.

अवांतर: पहिली प्रिंट वाया गेली. दुकानातल्या मुलानं न विचारता रंग भडक केले. "मॅडम, डल वाटत होतं, म्हणून जरा उठवलं." थाळी हळदीकुंकवाच्या वाणातल्या प्लास्टिकच्या ताटासारखी दिसायला लागली, आणि टवका गायब. दुसऱ्यांदा पैसे भरून, समोर उभं राहून काढून घेतली.

तुम्हाला अशा चित्रांत काय दिसतं? आणि आपल्याकडच्या मडक्यांची अशी चित्रं कोणी काढली आहेत का?

तिरकस_पुणेकर | शनिवार, रात्री ९.५८

चित्राच्या धाग्यात चित्रच नाही. लग्नाला बोलावून नुसत्या अक्षता.

फडताळ | शनिवार, रात्री १०.०५

फाइल मोठी आहे, इथे चढत नाहीये. नॅशनल गॅलरीच्या संकेतस्थळावर इंडेक्सची चित्रं मोठ्या आकारात फुकट उतरवून घेता येतात. पुण्यात 'फुकट' एवढं सांगितलं की पुरे असं वाटलं होतं.

तिरकस_पुणेकर | शनिवार, रात्री १०.०९

:) मान्य. बघून येतो.

मीठमिरची | रविवार, सकाळी ७.२०

सुंदर लिहिलंय. बर्फीची कड डोळ्यासमोर आली. वाचनखूण साठवली.

एक शंका, धाग्याशी फारसा संबंध नाही. चांगला माठ पुण्यात कुठे मिळेल? गेल्या वर्षीचा पाझरायचाच बंद झाला, पाणी गारच होईना.

जलरंगी | रविवार, सकाळी ११.१५

काल रात्रीच बघितली ही चित्रं, दोन वाजेपर्यंत जागलो. मी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना वस्तुचित्र शिकवतो, त्यामुळे मडकं माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

फडताळताई, तुमच्या थाळीत एक गंमत आहे जी तुम्ही लिहिली नाहीत. कुंभाराची रेघ वजाबाकीची आहे. वरचा थर खरवडून टाकला की खालचा लाल दिसतो. चित्रकाराची रेघ बेरजेची. त्याला कागदावर आधी लोणी रंगाचा हात मारावा लागतो, तो वाळला की त्यावर लाल रेघ काढायची. म्हणजे मुळात जे खड्डा आहे ते कागदावर वर चढवलेलं आहे. तरी ते खोल कसं दिसतं? मोठी करून बघा. रेघ एकाच जाडीची, एकाच रंगाची नाही. उजेड डावीकडून वरून येतोय, म्हणून प्रत्येक रेघेच्या डाव्या काठाला गडद तपकिरी आहे आणि उजव्या काठाला अगदी पुसट उजळ. काडीनं खरवडताना ओली माती बाजूला सरून जी बारीक कड उभी राहते, ती आहे ती. पक्ष्याच्या शेपटीला अशा वीसेक रेघा आहेत. प्रत्येकीला दोन काठ. मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

दुसरं म्हणजे चकाकी. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, पांढरा म्हणजे कागद. जिथे चमक हवी ती जागा पहिल्या हातापासून राखून ठेवायची. एकदा रंग गेला की गेला. मुलं नेमकं हेच विसरतात आणि शेवटी पोस्टरचा पांढरा आणून टिंब देतात. ते टिंब भांड्यावर चिकटवल्यासारखं दिसतं. काचेची चमक दोन प्रकारची असते. खिडकीची थेट पडते ती कडक काठाची, आणि वळणावर पसरलेली असते ती धुरकट, काठ नसलेली. पहिलीसाठी कागद कोरडा लागतो, दुसरीसाठी ओला. एकाच थाळीत दोन्ही साधायच्या तर कागद कुठे किती ओला आहे याचा हिशोब डोक्यात ठेवून बसावं लागतं.

(कधी कधी राखलेली जागा पुरत नाही. मग चित्रकार ब्लेडच्या टोकानं वाळलेला रंग खरवडून खालचा कागद उघडा करतात. म्हणजे फिरून कुंभाराच्याच काडीवर आलो की आपण!)

तिसरं. वस्तुचित्रात मडकं आलं की आम्ही पहिली शिकवण देतो ती तोंडाच्या लंबगोलाची. डोळ्याच्या पातळीपासून खाली जाल तसा लंबगोल फुगत जातो, म्हणून तळाची गोलाई तोंडापेक्षा जास्त. निम्मी मुलं तळ सरळ रेघेनं कापतात आणि मडकं जमिनीत गाडल्यासारखं दिसतं. इथे थाळी समोरून आहे, म्हणून लंबगोलच नाही. नुसतं वर्तुळ. खोली दाखवायला चित्रकाराकडे एकच गोष्ट उरते, आतल्या उताराची सावली. ती डावीकडे आहे आणि उजवीकडे नाही. तेवढ्यावर थाळीत आमटी राहील असं वाटतं.

सासूबाई फोटोला का फसल्या नसत्या याचं माझं उत्तर: फोटोत सगळ्याला एकच न्याय. इथे माणसाने ठरवलंय की टवका आधी दिसणार नाही, पण दिसला की विसरता येणार नाही.

खापरतोड्या | रविवार, दुपारी १.३०

वा, जलरंगी! वजाबाकीची रेघ आवडली.

आमच्या पुरातत्त्वाच्या धंद्यातही मडक्याची चित्रं काढतात, पण आम्ही खाटीक. मडक्याचं अर्धं पोट उभं कापून दाखवतो. मधोमध उभी रेघ, एका बाजूला भिंतीचा छेद काळा भरलेला, म्हणजे जाडी किती, काठ बाहेर वळलाय की आत ते कळतं. दुसऱ्या बाजूला बाहेरून कसं दिसतं ते, नक्षी असली तर नक्षी. आख्खं भांडं क्वचितच हाती येतं. काठाचा एक तुकडा मिळतो, तो वर्तुळांच्या तक्त्यावर ठेवून तोंडाचा व्यास काढायचा आणि उरलेलं मडकं कागदावर उभं करायचं. चकाकी, सावली, टवका, काही नाही. टवके काढत बसलो तर जन्म जाईल, कारण आमच्याकडे सगळे टवकेच.

आपल्याकडच्या मडक्यांबद्दल विचारलंत म्हणून. पुणे जिल्ह्यातच शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. तिथली जोर्वे पद्धतीची भांडी बघा. तीन हजार वर्षांपूर्वीची. नाव संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून पडलं, पहिल्यांदा ती तिथे ओळखली गेली. चाकावरची, पातळ, भाजून लाल झालेली, त्यावर काळ्या रंगात जाळीच्या, तिरक्या रेघांच्या नक्षीचे पट्टे. टिचकी मारली की पितळेच्या भांड्यासारखी वाजतात. तोटीचं एक भांडं असतं, ते बघून प्रत्येकाला झारीच आठवते.

विद्यार्थी असताना मी अशा एका खापराची रेखाचित्रं करत होतो. नक्षीच्या पट्ट्यात रेघा नीट समांतर चालल्या होत्या आणि शेवटी जागा कमी पडली, तर शेवटच्या चार रेघा दाटीवाटीने कोंबलेल्या. रांगोळीत आपलं होतं तसंच. मी त्या रेघा चित्रात सरळ करून टाकल्या. सरांनी कागद परत दिला. "तुम्ही नक्षी सुधारायला आलाय का?" टवक्याचं वाचून तेच आठवलं.

अटकेपार | रविवार, संध्याकाळी ६.५० (इथे सकाळ)

मी पेनसिल्व्हेनियातच राहते, म्हणून राहवलं नाही. फिलाडेल्फियाच्या म्युझियममध्ये या थाळ्या भरपूर आहेत. इथे लोक यांना 'पेनसिल्व्हेनिया डच' म्हणतात, पण हॉलंडशी संबंध नाही. 'डॉइच', म्हणजे जर्मन, याचं ते झालं डच. आपल्याकडे साहेबाने 'शीव'चं 'सायन' केलं तसं.

काठावर जे लिहिलेलं असतं ते वाचायला मजा येते. कुठे बायबलमधलं वचन, कुठे जिला थाळी भेट द्यायची तिचं नाव आणि साल, आणि कुठे चक्क चावट. एक ओळ बऱ्याच थाळ्यांवर थोड्या फरकाने येते. थाळीच बोलते: मला कुंभाराच्या हुन्नरीनं घडवलंय, फुटले की गेले. मूळ जर्मनमध्ये यमक जुळतं.

अशा नक्षीदार थाळ्या बहुतेक मांडून ठेवायच्या, भेट द्यायच्या. रोजच्या पानाला साध्या. शिसं असल्यामुळे आता त्यात कोणी जेवूही नये, विशेषतः आंबट काही. जलरंगींनी आमटीचं लिहिलं म्हणून सांगितलं.

एक प्रामाणिक कबुली. म्युझियममध्ये खरी थाळी काचेआड, वरून दिवे, काचेत माझंच तोंड. ट्यूलिप नीट दिसेना. घरी येऊन इंडेक्समधलं चित्र बघितलं तेव्हा कळलं मी काय बघून आले.

तिरकस_पुणेकर | रविवार, रात्री ८.३०

बघितली चित्रं. सगळे आरत्या ओवाळताहेत, तर कोणीतरी दुसरी बाजू घ्यायला हवी.

हात सफाईदार आहे, वाद नाही. पण याला कला का म्हणायचं? नक्षी कुंभाराची, रंग कुंभाराचे, टवका सुद्धा कुणाच्या तरी मोलकरणीचा. चित्रकाराने काय केलं? नक्कल. हे सरकारी दप्तरातलं काम आहे, कारकुनाने सातबारा सुवाच्य अक्षरात उतरवला तर आपण त्याला साहित्यिक म्हणतो का?

फडताळ | रविवार, रात्री ८.५२

तिरकसराव, वाईट सातबारा उतरवला तर काय होतं ते विचारा एखाद्या शेतकऱ्याला.

आणि मोलकरणीचा टवका हे जरा जास्त झालं. मालकिणीच्या हातून भांडी फुटत नाहीत का? आमच्या घरच्या कपबश्यांचा इतिहास वेगळं सांगतो.

जलरंगी | रविवार, रात्री ९.४०

नक्कल म्हणून नाक मुरडू नका हो. जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकलाच केल्या. पेस्तनजी बोमनजींसारखा चित्रकार त्यात होता. लंडनला पाठवलेल्या त्या नकलांपैकी कितीतरी १८८५ च्या आगीत जळाल्या. आज लेण्यांतली मूळ चित्रं आणखी झिजलीत, आणि उरलेल्या नकलांवरून अभ्यासक ताडून बघतात की इथे बोटं कशी होती, तिथे दागिना कुठला होता. शिवाय त्याच शाळेत जॉर्ज टेरी यांनी मातीकामाचं खातं चालवलं आणि अजिंठ्याची नक्षी फुलदाण्यांवर आणली. म्हणजे भिंतीवरून कागदावर, कागदावरून मडक्यावर. तुमचं थाळीचं चित्र उलट्या दिशेनं गेलंय इतकंच.

आणि इंडेक्सची पद्धत कुठून आली सांगू? जोसेफ लिंडन स्मिथ नावाचा चित्रकार इजिप्तमधल्या थडग्यांतली चित्रं आणि कोरीवकाम कागदावर उतरवायचा. त्याच्या पद्धतीत तयार झालेल्या सुझान चॅपमन बोस्टनच्या म्युझियममध्ये होत्या, त्यांनी ती इंडेक्सच्या चित्रकारांना शिकवली. पातळ पातळ थर, घाई नाही, आणि स्वतःची 'शैली' दाखवायला सक्त मनाई. माझ्या मते शैली न दाखवणं हे सगळ्यात अवघड. आमच्या वर्गातला प्रत्येक मुलगा तिसऱ्या महिन्यात शैली दाखवायला लागतो.

तिरकस_पुणेकर | रविवार, रात्री ९.५५

अजिंठा आणलात म्हणजे आमची बोलती बंद करायचा बेत दिसतो. अर्धा मुद्दा मागे घेतो. कारकून शब्द मागे, कला शब्दावर अजून बसून आहे.

कुंभारवेस | सोमवार, दुपारी २.१०

पहिल्यांदाच लिहितोय. आमचं घराणं कुंभाराचं. आजोबा कसब्यात कुंभारवाड्यात, वडील नंतर केशवनगरला आले. मी नोकरी करतो, पण सीझनला आव्यावर, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीवर असतो.

वरच्या लेखात थाळी 'केली' लिहिलंय. ती चाकावरची वाटत नाही मला. फोटो मोठा करून बघितला, मागच्या बाजूचंही एका दुसऱ्या थाळीचं चित्र सापडलं. अशी सपाट थाळी चाकावर कोण काढत बसेल. पोळीसारखी माती लाटायची आणि उपड्या साच्यावर टाकायची. काठावर जे बारीक दाते दिसतात ते करंजीच्या कातण्यासारखं चाक फिरवून केलेत. अटकेपार मॅडमना विचारून बघा.

टवक्याबद्दल. काठाचा टवका बहुतेक वेळा रचून ठेवताना उडतो, एकात एक. वापरून नाही. ही थाळी कुठेतरी खाली दबून होती.

नक्षीचं म्हणाल तर आमच्याकडे सुगडावर आई आणि काकू काढायच्या. चाकाला बायका हात लावत नव्हत्या, पण घोटणं आणि नक्षी त्यांचीच. गुळगुळीत गोटा घेऊन मडकं घोटायचं, ते अर्धवट ओलं असतानाच, मग भाजल्यावर त्याला आपोआप चमक येते. काच चढवत नाही आम्ही. काच चढवली तर पाणी पाझरणार नाही आणि गारही होणार नाही. (मीठमिरची, तुमच्या माठाची छिद्रं क्षारानं बुजलीत. साबण आणि घासणी लावली असणार. नवीन घ्या, वाजवून घ्या, आणि तारेच्या घासणीला हात लावू नका. केशवनगरला या, दाखवतो.)

सुगडाला चुन्याची बोटं आणि कावेचे पट्टे. आईचं एका सुगडाला एक मिनिट. पाच बोटं चुन्यात बुडवून सुगड फिरवलं की पाच रेघा. जलरंगी सर म्हणतात तशी एकेका रेघेला दोन काठ, ते इथे नाही. पण त्या रेघा बघून मी सांगायचो ही आईची, ही काकूची. काकूची करंगळी वाकडी होती.

आणि एक सांगू का? चित्राखाली चित्रकाराचं नाव आहे. थाळी करणाऱ्याचं नाही.

फडताळ | सोमवार, दुपारी ३.००

कुंभारवेस, तुमच्या प्रतिसादापुढे माझा लेख सपक वाटायला लागलाय. कातण्याचं चाक! मी त्या दात्यांना आठवडाभर नक्षी समजत होते.

नावाचं तुम्ही म्हणताय ते लागलं. परत जाऊन बघितलं. खरंच नाही.

अटकेपार | सोमवार, रात्री ७.१५

कुंभारवेस, शंभर टक्के बरोबर. साच्यावरच्याच थाळ्या असतात या आणि काठाला दातेरी चाक फिरवतात. काही कुंभारांनी नावं घातलीत, डेव्हिड स्पिनर म्हणून एकाच्या सही केलेल्या थाळ्या माहीत आहेत. पण बहुतेक बिननावाच्याच.

एक गोष्ट तुम्हा सगळ्यांना आवडेल. इंडेक्सची कल्पना पुढे आणणाऱ्या दोन बायका होत्या. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या रोमाना जाविट्झ आणि कापडावरच्या नक्षीचं काम करणाऱ्या रूथ रीव्ह्ज. या रूथबाई १९५६ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात आल्या त्या इथेच राहिल्या. आपल्याकडच्या मेण वितळवून धातू ओतायच्या कारागिरीचा त्यांनी अभ्यास केला. १९६६ मध्ये दिल्लीत वारल्या.

खापरतोड्या | सोमवार, रात्री ८.०५

हे माहीत नव्हतं. दंडवत.

पांढरीचामाती | सोमवार, रात्री ८.४०

आमच्या जळगावकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घागर भरतात, तिच्यावर छोटं मातीचं भांडं, त्यावर आंबा किंवा खरबूज. पुण्यात आल्यापासून स्टीलच्या तांब्यावर भागवते. धागा वाचून यंदा मातीची आणायचं ठरवलंय. कुंभारवेस दादा, मिळेल का तुमच्याकडे?

कुंभारवेस | सोमवार, रात्री ९.१०

मिळेल ताई. आधी दोन दिवस सांगा, रंगवून ठेवतो. आता रंग ऑइलपेंटचा असतो, गिऱ्हाइकाला चकचकीत लागतो. तुम्हाला चुना-काव पाहिजे असेल तर तसं सांगा. आईला आनंद होईल.

तिरकस_पुणेकर | सोमवार, रात्री ९.३०

घासाघीस चालते का?

कुंभारवेस | सोमवार, रात्री ९.३३

घोटायला येत असाल तर चालते.

फडताळ | पुढचा रविवार, संध्याकाळी ५.४५

सगळ्यांनी इतकं लिहिलं की मला गप्प बसवेना. संक्रांतीचं एक सुगड माळ्यावर होतं, आत गव्हाचे चार दाणे आणि एक सुकलेलं बोर. काळं, त्यावर चुन्याच्या रेघा. ते समोर ठेवून काढायला बसले.

पहिली चूक कागदाची. शिवाजीनगरला हातकागद संस्थेतून कागद आणला. तिथे जलरंगाचाही कागद मिळतो, पण मला पोत आवडला म्हणून मी पिशव्यांसाठीचा उचलला. त्याला सरसाचा हात दिलेला नाही. कुंचला टेकला की टीपकागदासारखा रंग पिऊन टाकतो. राखून ठेवलेली पांढरी जागा माझ्या डोळ्यादेखत काळी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा खेप.

दुसऱ्या कागदावर सुगडाचा काळा रंग जमेना. ट्यूबमधला काळा लावला तर भोक पडल्यासारखं दिसतं. जलरंगींना फोन केला. ते म्हणाले, ट्यूब बंद करून ठेवा, निळ्यात तपकिरी मिसळा आणि बघा काळं किती प्रकारचं आहे. खरंच, एका बाजूला धुराचं निळसर, दुसरीकडे विटकरी, जिथे धूर कमी लागला असेल तिथे.

चुन्याच्या रेघा राखून ठेवल्या. चार नीट राहिल्या, पाचवी बुजली. आणि एक दिसलं, जे जानेवारीपासून घरात असून दिसलं नव्हतं. रेघा जिथे सुरू होतात तिथे चुना जाड आहे आणि बोट उचललं तिथे निमुळता. सुरुवातीच्या जाड थेंबात बोटाच्या वळ्या उमटल्यात. भिंगातून बघितलं. त्या काढायला मला जमलं नाही.

चित्र लाजत लाजत चढवतेय. ही फाइल छोटी आहे, तिरकसराव.

जलरंगी | रविवार, संध्याकाळी ६.२०

पहिल्या खेपेला छानच. काळं जमलंय. तळ बघा, सरळ कापलात! जमिनीत गाडलंत बिचाऱ्याला.

तिरकस_पुणेकर | रविवार, संध्याकाळी ६.३१

पाचवी रेघ बुजली ते बरं झालं. आता नक्कल म्हणता येत नाही.

कुंभारवेस | रविवार, रात्री ८.५०

काठ जाड काढलाय ताई. सुगडाचा काठ एवढा जाड नसतो, आव्यात तडकेल. डोळे मिटून काठावरून अंगठा फिरवा एकदा, मग काढा.

सुगड आमच्याकडचं नाही. बोटांमधलं अंतर सारखं आहे.

फडताळ | रविवार, रात्री ९.१५

अंगठा फिरवायला गेले होते. जावेनं तेवढ्यात सुगडात लसूण भरून ठेवलाय. उद्या रिकामं करते.